यंदा गाडी नाही?

पत्र (वाचकाच्याच शब्दांत, थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत)

मी ६२ वर्षांचा. इंदूरला रामबागेत वाढलो, नोकरीपायी तीस वर्षं बाहेर राहिलो, निवृत्त होऊन परत आलो. १९७४ साली, मी ११ वर्षांचा असताना, ताईने मला एका कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म सोसायटीचा खेळ बघायला नेलं. ती तेव्हा १८ ची. सिनेमा होता 'पथेर पांचाली'. बंगालीचं अक्षर कळलं नाही. दोनदा रीळ तुटलं, पार अंधार झाला, मी घाबरलो तर ताईने माझा हात धरून ठेवला. पण एक चित्र डोळ्यांत राहिलं ते आजवर: पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून बहीण-भाऊ धावत सुटतात आणि रुळांपाशी हातात हात घालून आगगाडी बघतात.

पुढच्याच वर्षी वडील गेले, ताईने कॉलेज सोडून शाळेत नोकरी धरली, मी शिकलो. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की मी म्हणतो, "ताई, गाडी आपण दोघांनी पाहिली." ती म्हणते, "हो रे, पाहिली." माझ्या नातीने त्याचं चित्र काढलं, ते ताईच्या बैठकीत टांगलेलं आहे.

या उन्हाळ्यात मुलाने सिनेमाची नवी, स्वच्छ प्रत टीव्हीवर लावली. ५१ वर्षांनी पाहिला. बहीण धावताना पडते, भाऊ एकटाच गाडीपाशी पोचतो. सून म्हणाली, "बाबा, ती तर पोचतच नाही!" त्या रात्री झोप आली नाही. यंदा भाऊबीजेला ते वाक्य तोंडातून निघेना. शेवटी ताईनेच विचारलं, "यंदा गाडी नाही?" मी विषय बदलून चहा मागितला.

मार्गशीर्षात ताईला सत्तर पूर्ण होतात. तिला पत्ता लागू न देता, घरच्या भिंतीवर हाच सिनेमा दाखवायचा मुलाने घाट घातला आहे. थांबवू का? ताईला आधी सांगून टाकू? की आपण पन्नास वर्षं एका खोट्यावर काढली हे मनाशी कबूल करून गप्प बसू?

उत्तर

नमस्कार,

तुमची सून बरोबर आहे. दुर्गा पडते. मीही खात्रीसाठी तो भाग पुन्हा लावून पाहिला. गवतातून दोघं धावतात, दुर्गा अडखळून पडते, अपू पुढे निघून जातो. ज्या कादंबरीवरून सिनेमा केला, ती विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची १९२९ सालची. तिच्यात तर दुर्गाला आगगाडी कधी दिसतच नाही. तापात पडलेली ती भावाला विचारते, मी बरी झाले की मला एकदा आगगाडी दाखवशील ना? म्हणजे तुमच्या मनातलं चित्र सिनेमात नाही, पुस्तकातही नाही. ते तुमचं आहे.

पण "खोटं" हा शब्द मला मान्य नाही.

तो प्रसंग जरा सावकाश आठवा. गाडी येते तेव्हा कॅमेरा रुळांच्या पलीकडे गेलेला असतो. आपल्यात आणि अपूत गाडी आडवी येते आणि तो पोरगा आपल्याला धावत्या चाकांच्या फटींतून तेवढा दिसतो. त्या क्षणी दुर्गा कुठे आहे, हे दिग्दर्शक दाखवतच नाही. अकरा वर्षांच्या मुलाला ती रिकामी जागा सहन झाली नसेल, त्याने तिथे बहीण उभी केली. शेजारच्या खुर्चीवर त्याची स्वतःची बहीण बसली होती, आणि तिने अंधारात त्याचा हात धरला होता. हातात हात कुठून आला, याचा शोध घ्यायला लांब जायला नको. तो तुमच्याच पत्रात आहे.

आणखी एक शक्यता सांगते, ती अगदीच रुक्ष आहे. त्या काळी सोसायट्यांमधून फिरणाऱ्या १६ मिलिमीटरच्या प्रती पार झिजलेल्या असत. फिल्म तुटली की ऑपरेटर फाटलेला तुकडा कापून टाकायचा, दोन टोकं चिकटवायचा आणि यंत्र सुरू करायचा. प्रत्येक जोडात काही चौकटी कायमच्या जायच्या. तुमच्या खेळाला रीळ दोनदा तुटलं, त्याआधी त्या प्रतीचे किती जोड झाले असतील कोण जाणे. दुर्गाचं पडणं मोजून काही क्षणांचं. ते त्या रात्री पडद्यावर आलंच नसेल, असंही असू शकतं. छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण स्वतःला मूर्ख ठरवण्याआधी एवढा संशयाचा फायदा द्या.

तसंही आठवण म्हणजे कपाटातली फाइल नव्हे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. १९३२ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. प्रत्येक वेळी कथा थोडी बदलत गेली. जे अनोळखी होतं ते गळालं किंवा ओळखीचं झालं. त्या लोकांची होडी या मुलांच्या सांगण्यात साधी बोट झाली. आणि कोणी मुद्दाम काही बदललं नव्हतं. मला स्वतःला लहानपणी पाहिलेल्या एका सिनेमातल्या बाईची हिरवी साडी लख्ख आठवते. काठसुद्धा आठवतात. तो सिनेमा कृष्णधवल आहे.

खुद्द हा प्रसंगही काही अखंड घडलेला नाही. सत्यजित राय यांनी चित्रीकरणाला सुरुवात केली ती याच दृश्यापासून, २७ ऑक्टोबर १९५२ ला, कलकत्त्याबाहेर काशाने पांढऱ्या झालेल्या एका रानात. (आपल्या माळव्यात पाऊस सरता सरता नाल्यांच्या काठाने फुलतो, तोच हा कांस.) पुढच्या रविवारी मंडळी परत गेली तर गुरांनी सगळा काश चरून टाकलेला! मग पुढच्या हंगामाची वाट बघावी लागली. आपण एका दमात बघतो ती धाव दोन शरदांची जोडलेली आहे.

इथवर तुमची समजूत काढली. आता थोडं टोचेल असं बोलते.

तुमचं पत्र सहा पानांचं होतं. त्यातली जवळजवळ पाच पानं सिनेमाची: गवत, धूर, संगीत, नातीचं चित्र. आणि "ताईने कॉलेज सोडून शाळेत नोकरी धरली, मी शिकलो" हे एका ओळीत, तेही वाक्याच्या पोटात. मला वाटतं, त्या रात्री झोप उडाली ती सिनेमा चुकीचा आठवला म्हणून नव्हे. बहीण मागे पडते आणि भाऊ पोचतो, हे पडद्यावर बघून तुम्हाला दुसरंच काही दिसलं. दर भाऊबीजेला "आपण दोघांनी" म्हणताना तुम्ही एक हिशेब बरोबरीत सोडवत होता. सुनेने नकळत ती वही उघडली.

तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. १२ वर्षांच्या मुलाला घरातले निर्णय कोणी विचारून घेत नाही. पण आता उलट टोकाला जाऊन ताईची दुर्गा करू नका. ही घाई मला तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर दिसते. दुर्गा पावसात भिजून, तापाने, लहानपणीच जाते. तुमची ताई सत्तरीची होते आहे. तुम्हीच लिहिलंय की तिने ३७ वर्षं शाळेत शिकवलं, मैत्रिणींबरोबर नर्मदेकाठी जाऊन येते, तिचे विद्यार्थी आज राजवाड्यावर दुकानांतून हाक मारून चहा पाजतात आणि ती पेन्शनच्या पैशाने तुमच्याच नातीला सायकल घेऊन देते. ही बाई गवतात पडलेली आहे, हे कोणी ठरवलं? कॉलेज सुटल्याचं तिला दुःख असेल, खूप असेल. किंवा तेव्हा होतं आणि मग शाळेत जीव रमला असेल. किंवा वडील नसते गेले तरी तिने शाळाच निवडली असती. मला माहीत नाही. मुद्दा हा की तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही ५१ वर्षं तिला तुमचं चित्र सांगत आलात. तिला काय दिसलं होतं, हे एकदाही विचारल्याचं पत्रात नाही.

ती तेव्हा १८ ची होती. सोसायटीचे सिनेमे बघायला जाणारी, धाकट्याला बरोबर नेणारी मुलगी. तुम्ही अंधाराला घाबरत होता, ती सिनेमा बघत होती. तिने दुर्गाला पडताना पाहिलं असण्याची शक्यता तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही "दोघांनी पाहिली" म्हणालात, तेव्हा कदाचित तिला ठाऊक होतं की असं काही सिनेमात नाही. तरी ती "हो रे" म्हणाली. का म्हणाली असेल? धाकट्याचं मन मोडायला नको म्हणून? की गाडी म्हणजे तिच्या लेखी दुसरंच काही होतं, जे खरोखर तुम्ही दोघांनी पाहिलं? आणि यंदा तुम्ही गप्प राहिलात तर तिनेच दार वाजवलं: "यंदा गाडी नाही?" तुम्ही चहा मागितलात. अहो, इतकं सोपं आमंत्रण क्वचित मिळतं.

आता तुमचे पर्याय.

सिनेमा थांबवायचा, तर मुलाला काहीतरी कारण सांगावं लागेल, ते बनवावं लागेल, आणि मग खरोखरच एक खोटं घरात येईल. तो पर्याय सोडा. ताईपाशी आधी कबुली द्यायची, "मी चुकीचं सांगत आलो, माफ कर," हे ऐकायला बरं वाटतं. पण मग वाढदिवसाच्या आधी तुमचं ओझं तिच्या ओटीत पडतं आणि तीच तुमची समजूत काढत बसते. ५१ वर्षं काढली, तशीच आणखी एकदा.

गप्प बसण्याचा मोह मला कळतो, कारण त्या सिनेमातलं माझं चित्र तेच आहे. दुर्गावर शेजारणीने माळ चोरल्याचा आळ घेतलेला असतो. ती गेल्यानंतर, घर सोडताना, अपूला ती माळ सापडते. म्हणजे तिने घेतली होती. तो पोरगा कोणाला काही न सांगता माळ डबक्यात भिरकावतो. पाण्यावरचं शेवाळ फाटतं आणि हळूहळू पुन्हा मिटतं. कितीदा पाहिलं तरी तिथे माझा घसा दाटतो. तुम्हीही माळ पाण्यात टाकू शकता, कोणी नावं ठेवणार नाही. फक्त एक फरक आहे. अपूला विचारायला बहीण उरली नव्हती. तुमची रामबागेत राहते, रिक्षाने वीस मिनिटांवर.

म्हणून माझं म्हणणं: वाढदिवसाच्या आधी, मधल्या वारी, एकट्याने तिच्याकडे जा. मुलाला, सुनेला, नातीला नेऊ नका. सिनेमा, लॅपटॉप काहीही नको. सराफ्यातले गराडूही नकोत, ते घरी पोचेस्तोवर गार होतात आणि मग सगळा वेळ कढईतल्या तेलाच्या गप्पांत जातो. नुसते जा. आणि विचारा, "ताई, त्या बंगाली सिनेमातलं तुला काय आठवतं?" एवढंच. मग गप्प राहा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण तुम्ही गोष्ट छान सांगता आणि ताईने पहिलं वाक्य उच्चारताच "हो, आणि मग..." म्हणून उडी घ्याल. घेऊ नका. तिला चुकीचं आठवलं तर दुरुस्त करू नका. ती अधिकाराची जागा निदान या विषयात तुम्ही गमावली आहे. ती "काही आठवत नाही रे" म्हणाली, तर तेही उत्तर आहे. मग हॉलविषयी विचारा. तिकिटाचे पैसे कुठून आले, घरी काय सांगून निघालात, परत कसे आलात. सत्तरीतल्या माणसाला सिनेमापेक्षा त्या दिवशीची साडी आणि चपला जास्त आठवतात, आणि बरेचदा खरी गोष्ट चपलांपाशीच असते.

कॉलेजविषयी त्याच दिवशी विचारायचं का? तिने विषय काढला तर. तुम्ही काढू नका. पण पुढे कधीतरी विचारा.

मुलाशी दोन गोष्टी बोला. पहिली: ताईला चकित करण्याचा बेत सोडून द्या. उत्तरार्धात एका मुलीचं मरण आहे, वडील तिच्यासाठी साडी घेऊन परत येतात तो प्रसंग आहे. आपल्या सत्तराव्या वाढदिवसाला, केक कापून झाल्यावर, हे बघायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. "आत्या, हा सिनेमा बघायचा का, आणि कधी?" असं सरळ विचारू दे. सिनेमा आणि ताई दोघांचं साल एकच, १९५५, तेव्हा त्याला हा बेत सुचला यात गोडवा आहे. फक्त दिवस दुसरा निवडा. दुसरी गोष्ट: सिनेमा दोन तासांच्या वर आहे. खाली इंग्रजी ओळी असतील तर भिंतीवर त्या वाचताना तिचे डोळे शिणतील, म्हणून सुनेला शेजारी बसवून मोजकंच कानात सांगू दे. मध्ये थांबायचं म्हणाली तर थांबा. आणि गाडीचा प्रसंग आला की सगळ्यांनी ताईच्या तोंडाकडे बघायचं नाही. हे मुलाला आधीच बजावा, नाहीतर तो मोबाइल काढून तिचा व्हिडिओ घेईल.

नातीचं चित्र काढून ठेवायचं नाही. ते तुमच्या सिनेमातलं आहे आणि त्यात दोघं पोचली आहेत.

तुमच्यासारखी पत्रं अधूनमधून येतात, म्हणून इतरांसाठीही थोडं लिहिते. लहानपणीचा जिवाचा सिनेमा पुन्हा बघावा की नाही, यावर माझं मत बघावा असंच आहे. पण आधी कागद घ्या आणि मनात आहे ते चित्र जसंच्या तसं लिहून काढा: कोण कुठे उभं आहे, प्रकाश कसा आहे, आवाज कोणता, तुम्ही कोणाच्या शेजारी बसला होता. तारीख टाका. मग सिनेमा बघा. न लिहिता बघितलात तर नवी प्रत जुन्या चित्रावर बसते आणि तुमचं काय होतं ते तुम्हालाच कधी कळत नाही. फरक सापडला तर तो जपून ठेवा, तिथे बहुधा सिनेमाबाहेरचं कोणीतरी उभं असतं. आणि मुलांना शेजारी बसवून दर पाच मिनिटांनी "आता बघा, आता बघा" करू नका, त्यांना त्यांचं चित्र त्यांच्या वेळेला मिळेल. एका बाईंनी लिहिलं होतं की नवऱ्याने तिचा आवडता सिनेमा बघताना जांभया दिल्या, म्हणून ती आठवडाभर बोलली नाही. जांभई देऊ द्यावी. दिवसभर राबून आलेला माणूस असतो.

तुमच्या घरी लागलेल्या त्या स्वच्छ प्रतीची हकीकत राहिली. या सिनेमाच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. ठिसूळ, चिकटलेल्या, कडा जळालेल्या पट्ट्या पुढे इटलीत बोलोन्याला गेल्या. तिथल्या लोकांनी हातांनी एकेक भोक, एकेक कड दुरुस्त केली, आणि जिथे मूळ गेलेलंच होतं तिथे दुसरीकडे जपलेल्या प्रतींमधून चौकटी घेऊन भरल्या. २०१५ साली सिनेमा पुन्हा पडद्यावर आला. सुनेने ज्या प्रतीवर बोट ठेवून तुमची चूक दाखवली, तिच्यातही उसन्या चौकटी आहेत. हे सुनेला सांगायला हरकत नाही, पण भांडणाच्या सुरात नको. तिने तुमच्यावर उपकारच केले आहेत.

तर दुपारी चारच्या सुमारास जा. ताई झोपून उठलेली असेल. या वेळी चहा तिला टाकायला लावू नका, तुम्ही टाका. आणि हॉलच्या गोष्टी निघाल्या की एवढं नक्की विचारा: रीळ तुटून अंधार झाला, तेव्हा आधी हात कोणी पुढे केला होता? ताईने धरला, असं तुम्ही लिहिलंय. तिचं काय म्हणणं आहे ते बघा.